चिकातून आलेला आजार: रक्त गळणाऱ्या वासरांचं प्रकरण

वासरू जन्मलं तेव्हा त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. तासाभरात उभं राहिलं, आईच्या सडाला लागलं, पोटभर चीक प्यालं. पुढचे दहा-बारा दिवस उड्या मारण्यात गेले. मग एके सकाळी त्याच्या मानेवरचे केस चिकटलेले दिसले. हात फिरवला तर बोटं लाल झाली. जखम नाही, ओरखडा नाही, आणि केसांच्या मुळांतून घाम यावा तसं रक्त पाझरतंय. कानाला बिल्ला टोचून कितीतरी दिवस झाले होते, तरी त्या भोकातून अजून थेंब थेंब गळत होतं. तपासणीसाठी रक्त काढलं, तर सुई टोचलेली जागाही लवकर मिटेना. हिरड्यांवर आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, शेणात रक्ताच्या गुठळ्या, अंगात ताप. दोन-तीन दिवसांत खेळ आटोपला.

हे एकाच वासराचं वर्णन नाही. २००७ पासून जर्मनीच्या दक्षिण भागातले पशुवैद्य जे पुन्हा पुन्हा पाहत होते, त्याचं हे एकत्र केलेलं चित्र आहे. पुढे बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स, ब्रिटन इथूनही तशाच नोंदी येऊ लागल्या. वासरं चार आठवड्यांच्या आतली, बहुतेक दोन आठवड्यांच्या आसपासची. कुठल्या एका जातीची नाहीत, फक्त कालवडी किंवा फक्त खोंडं असंही नाही. गोठे स्वच्छ, देखभाल चांगली. लक्षणं दिसू लागलेल्या दहा वासरांतली आठ-नऊ दगावत होती. रक्त चढवून, प्रतिजैविकं देऊनही फारसं हाती लागत नव्हतं.

पशुवैद्यकातलं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना संसर्ग आणि प्रतिकारशक्ती या विषयाची सुरुवात मी याच प्रकरणापासून करते. विद्यार्थी पहिल्या दिवशी ठामपणे सांगतात की जंतू म्हणजे शत्रू आणि अँटिबॉडी म्हणजे आपलं सैन्य. आठवडाभर हे प्रकरण उलगडत गेलो की त्यांचा सूर बदलतो, आणि तो बदललेला सूर ऐकायला मला फार आवडतं.

हाडाच्या आत

पहिला पुरावा रक्ततपासणीत मिळाला. प्लेटलेट जवळजवळ संपलेल्या होत्या, पांढऱ्या पेशीही अगदी कमी. रक्त गोठवण्याचं काम प्लेटलेटचं आणि जंतूंशी झुंजण्याचं पांढऱ्या पेशींचं. म्हणजे वासरू एकाच वेळी रक्तही गमावत होतं आणि कुठल्याही साध्या संसर्गापुढे उघडंही पडत होतं.

दुसरा पुरावा शवविच्छेदनाच्या टेबलावर मिळाला. निरोगी वासराच्या मांडीचं हाड उभं कापलं की आतली अस्थिमज्जा लालभडक आणि गच्च भरलेली दिसते. कोवळ्या जनावराच्या रक्ताचा तो कारखाना असतो. या वासरांत तो ओस पडलेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली चरबी आणि मोकळ्या जागा दिसत होत्या. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या तिन्हींच्या मूळ पेशी नाहीशा झालेल्या. गायीच्या रक्तातली लाल पेशी काही महिने टिकते, प्लेटलेट मात्र काही दिवसांचीच सोबती. कारखाना बंद पडला की आधी प्लेटलेटचा तुटवडा जाणवतो, म्हणून अशक्तपणाच्या आधी रक्तस्राव दिसतो. हे चित्र नीट ध्यानात घेतलं, तर ‘रक्त का गळतंय’ हा प्रश्न बाजूला पडून ‘अस्थिमज्जा कोणी मारली’ हा प्रश्न समोर येतो.

संशयितांची यादी लांबलचक होती. गुरांच्या विषाणूजन्य हगवणीच्या म्हणजे बीव्हीडीच्या विषाणूचा दुसरा प्रकार वासरांत प्लेटलेट कमी करून रक्तस्राव घडवतो, हे आधीपासून माहीत होतं. रक्तात जंतू पसरले तरी असे ठिपके येतात. फ्युराझोलिडोन हे औषध वासरांच्या अस्थिमज्जेला मारक. ब्रॅकन जातीचं नेचं खाऊन गुरांची अस्थिमज्जा निकामी होते. ट्रायक्लोरोइथिलिन वापरून तेल काढलेल्या सोयाबीन पेंडीनं विसाव्या शतकात गुरं अशीच रक्तस्रावानं मेली होती. बुरशीची विषंही यादीत होतीच. एकेक नाव तपासलं गेलं आणि खोडलं गेलं. बीव्हीडीचा विषाणू नाही, विष नाही, सगळ्या गोठ्यांत सारखा असा चाराही नाही.

मध्ये एक चकवा लागला. काही मेलेल्या वासरांत डुकरांच्या सर्कोव्हायरसच्या दुसऱ्या प्रकाराचा अंश सापडला. नव्या आजाराला नवा विषाणू मिळाला म्हटल्यावर प्रयोगशाळेत उत्साह संचारतोच. पण बऱ्याच आजारी वासरांत तो सापडेना, त्यामुळे तो कारण म्हणून टिकला नाही. मेलेल्या जनावरात एखादा जंतू सापडणं आणि त्या जंतूनंच ते मारलेलं असणं यांत केवढं अंतर आहे, हे इथे मी वर्गात हटकून थांबून सांगते. अस्थिमज्जाच मेलेल्या वासरात पांढऱ्या पेशी उरत नाहीत. त्याच्या अंगात कुठलाही पाहुणा बिनबोभाट राहू शकतो.

डिसेंबर २००९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथे गुरांच्या आजारांवरच्या युरोपीय परिषदेच्या निमित्तानं अभ्यासक एकत्र बसले आणि आजाराला एक नाव ठरलं. मराठीत सांगायचं तर ‘नवजात वासरातली सर्व रक्तपेशींची घट’. कोणतं वासरू या आजाराचं मानायचं याची व्याख्याही तेव्हा पक्की झाली: वय २८ दिवसांच्या आत, आणि अस्थिमज्जेत तिन्ही प्रकारच्या मूळ पेशींचा ऱ्हास. वरवर कारकुनी वाटणारं हे काम मला फार मोलाचं वाटतं. त्याआधी प्रत्येक देश आपापल्या नावानं, आपापल्या मापानं मोजत होता, आणि अशा मोजमापांची तुलना करता येत नाही.

जन्मताना ठणठणीत

सगळ्या नोंदींत एक बारीकशी गोष्ट समान होती, आणि माझ्या मते हे कोडं तिथूनच सुटायला लागलं: वासरं जन्मताना निरोगी होती.

अँटिबॉडीमुळे होणारे नवजातांचे आजार माणसांतही आहेत. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला, तर आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि बाळ पोटात असतानाच त्याच्या लाल पेशी फुटू लागतात. गायीत असं घडू शकत नाही. गायीची वार अशी घडलेली असते की आईचं आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे सगळे थर शाबूत राहतात, आणि अँटिबॉडीएवढा मोठा रेणू त्यांतून पलीकडे जात नाही. म्हणून वासरू जवळपास अँटिबॉडीशिवायच जन्माला येतं.

ती उणीव चीक भरून काढतो. व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत गाय आपल्या रक्तातल्या अँटिबॉडी कासेत साठवते. चांगल्या चिकात लिटरमागे ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त आयजीजी, म्हणजे अँटिबॉडीचा मुख्य प्रकार, असतं. नवजात वासराचं आतडं पहिले काही तास चाळणीसारखं उघडं असतं. हे मोठे रेणू न पचता थेट रक्तात जातात. तासागणिक ही वाट अरुंद होत जाते आणि साधारण २४ तासांत बंद होते. वासराच्या रक्तात लिटरमागे किमान १० ग्रॅम आयजीजी पोचलं, तरच त्याला पुरेसं संरक्षण मिळालं असं आपण मानतो. म्हणून तर प्रत्येक पशुपालकाला घोकून सांगतात, चीक लवकर पाजा, भरपूर पाजा.

आता जन्मताना निरोगी आणि दोन आठवड्यांनी मरणासन्न, हे दोन मुद्दे शेजारी ठेवून पाहा. गर्भात काही बिघडलेलं नव्हतं. बिघाड जन्मानंतर पोटात गेलेल्या कशातून तरी आला होता, आणि आईकडून वासराकडे जन्मानंतर जाणारी पहिली गोष्ट चीकच. काही गायींची एका वेतात आजारी पडलेली वासरं आणि पुढच्या वेतातही तशीच आजारी पडलेली वासरं, अशाही नोंदी होत्या. संशय आईवर होता, पण वारशापेक्षा चिकावर जास्त.

जर्मनीतल्या अभ्यासकांनी तो सरळ तपासून पाहिला. ज्या गायींनी आधी आजारी वासरं दिली होती, त्यांचा चीक जमवून नात्यागोत्याचा संबंध नसलेल्या निरोगी वासरांना पाजला. त्यातल्या काहींना तोच आजार झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला आजही अंगावर काटा आणणारा वाटतो. वासराला जगवणारा पहिला घोट, आणि त्यातच विष असावं!

चीक पाजल्यावर रक्त मोजत गेलं, तर आजाराचा काळही उलगडला. चीक पोटात गेल्यावर काही तासांतच रक्तातल्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घसरत होत्या. वरून वासरू तेव्हा अगदी ठीक दिसायचं. खरा घाव अस्थिमज्जेवर पडलेला असे. तिथल्या मूळ पेशी मेल्यामुळे नवी भरती थांबायची आणि तयार साठा संपत आला की दुसऱ्या आठवड्यात कातडीतून रक्त यायचं. काही वासरांच्या रक्तात घसरण दिसली तरी एक थेंबही बाहेर आला नाही आणि ती सावरली. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या आजारामागे न दिसणारा आजारही होताच.

कोणत्या गायी?

आजारी वासरांच्या आयांचा पूर्वेतिहास चाळला, तेव्हा एक नाव पुन्हा पुन्हा वर आलं: प्रेगशुअर बीव्हीडी ही लस.

ही लस कशासाठी होती ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बीव्हीडीच्या विषाणूनं गाय गाभणपणाच्या साधारण ४० ते १२० दिवसांच्या काळात बाधित झाली, तर गर्भाची प्रतिकारयंत्रणा अजून शिकत असते आणि ती या विषाणूला आपलाच मानून बसते. जन्मलेलं वासरू आयुष्यभर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवत नाही आणि आयुष्यभर विषाणू बाहेर टाकत राहतं. कळपात आजार टिकून राहतो तो मुख्यतः अशा वासरांमुळे. पुढे त्यांच्या अंगातल्याच विषाणूत विशिष्ट बदल झाला की ती तोंडा-आतड्यांच्या भीषण आजारानं मरतात. लसीचा हेतू गर्भाला या संसर्गापासून वाचवण्याचा होता. विषाणू गर्भापर्यंत पोचू द्यायचा नाही, तर गायीच्या रक्तात दणकून अँटिबॉडी हव्यात. म्हणून या मृत विषाणूच्या लसीत प्रतिसाद भडकवणारं सहायक द्रव्य, म्हणजे ॲडज्युव्हंट, अतिशय प्रखर घातलेलं होतं. त्याचं काम ते चोख करत होतं.

विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात. गुरांचा विषाणू गुरांच्या पेशींत उत्तम वाढतो, म्हणून या लसीचा विषाणू एमडीबीके या पेशींत वाढवलेला होता. मॅडिन आणि डार्बी यांनी १९५७ मध्ये एका बैलाच्या मूत्रपिंडापासून ही पेशींची ओळ सुरू केली. जगभरच्या प्रयोगशाळांत ती तेव्हापासून वाढवली जाते. विषाणू काढून घेताना पेशींचे तुकडेही सोबत येतात. सगळे गाळून काढता येत नाहीत, आणि फार काळ कोणाला ते गाळण्याइतके महत्त्वाचेही वाटले नव्हते.

प्रत्येक जनावराच्या पेशींवर एमएचसी वर्ग १ नावाची प्रथिनं असतात. गुरांच्या कानाला बिल्ला असतो तसाच पेशींना हा बिल्ला, आणि तो प्राण्याप्राण्यात वेगळा. अर्धा आईकडून येतो, अर्धा बापाकडून. प्लेटलेटवर आणि पांढऱ्या पेशींवर तो असतोच, अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवरही असतो. लसीतून गायीच्या अंगात विषाणूसोबत त्या जुन्या बैलाचे बिल्लेही गेले. एकट्यानं ते गेले असते तर गायीनं त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलंही नसतं. पण सोबत तो प्रखर ॲडज्युव्हंट होता, आणि लस ठराविक काळानं पुन्हा टोचली जायची. गायीच्या शरीरानं विषाणू आणि बिल्ला दोघांविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या. गायीला स्वतःला काही झालं नाही, कारण तिच्या पेशींवर तो बिल्ला नव्हता.

वासराच्या अंगावर मात्र तो असू शकत होता, बापाकडून आलेला. आईनं शिकलेलं सगळंच चिकातून वासरापर्यंत पोचतं. हवं ते आणि नको ते वेगळं करायची सोय चिकात नाही.

२०११ मध्ये जर्मनीतल्या दोन गटांनी हे दाखवून दिलं. आजारी वासरांच्या आयांच्या रक्तातल्या अँटिबॉडी वासरांच्या पांढऱ्या पेशींना चिकटत होत्या आणि एमडीबीके पेशींनाही चिकटत होत्या. त्यांचं लक्ष्य एमएचसी वर्ग १ आहे, हेही स्पष्ट झालं. पुढे एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेतल्या कामातून कळलं की अस्थिमज्जेचं नुकसान किती होईल हे तीन गोष्टींवर ठरतं: अँटिबॉडीचं प्रमाण, ती नेमक्या कोणत्या बिल्ल्याविरुद्ध आहे, आणि पेशीवर तो बिल्ला किती दाट आहे.

लस टोचलेल्या बहुसंख्य गायींची वासरं ठणठणीत का राहिली, याचं उत्तर इथेच आहे. गायीत त्या अँटिबॉडी भरपूर तयार व्हायला हव्यात, वासराला बापाकडून नेमका जुळणारा बिल्ला मिळालेला हवा, आणि चीक वेळेत, पुरेसा पाजलेला हवा. सगळं एकत्र जुळलं तरच वासरू मरणार. शेवटची अट मला फार चटका लावते. चिकाची काळजी घेणाऱ्या चांगल्या गोठ्यात धोका अधिक होता.

बीव्हीडीच्या बाकीच्या लसींतही गुरांच्या पेशी वापरलेल्या असतात, मग त्यांच्याबाबतीत असं का झालं नाही? तुलना करून पाहिल्यावर दिसलं की दुसऱ्या लसी अशा अँटिबॉडी जवळजवळ उठवत नाहीत. फरक ॲडज्युव्हंटच्या प्रखरतेत आणि पेशींच्या उरलेल्या प्रथिनांच्या मेळात होता.

हे आधी कोणाला सुचायला हवं होतं का? मला वाटतं, हो. गायीच्या रक्तापासून बनवलेल्या, ॲनाप्लाझ्मा आणि बबेसिया या रक्तातल्या जंतूंविरुद्धच्या लसी टोचलेल्या गायींच्या वासरांत चीक पिल्यावर लाल पेशी फुटण्याचा आजार पूर्वी पाहिला गेला होता. म्हणजे तत्त्व पुस्तकात होतं. एका जनावराचा ऊतक दुसऱ्यात गेला, अँटिबॉडी उठल्या, चिकातून पिल्लाला भोवल्या. पण तिथे लसीत रक्त होतं, त्यामुळे ते उघड दिसत होतं. इथे पेशींचे अवशेष होते, न दिसणारे. शिवाय परवान्याआधीच्या चाचण्या लस टोचलेल्या जनावरावर लक्ष ठेवतात. पुढच्या पिढीतल्या मोजक्याच वासरांना दुसऱ्या आठवड्यात होणारा आजार त्या चाचण्यांच्या जाळीतून निसटणारच. तो पकडला गोठ्यात उभ्या असलेल्या पशुवैद्यांनी, एकेक वासराची नोंद पाठवून.

लस गेली, अँटिबॉडी राहिल्या

एप्रिल २०१० मध्ये जर्मनीतली विक्री थांबली आणि त्याच वर्षी युरोपीय संघात लसीचा परवाना स्थगित झाला. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडमध्ये तीच लस टोचलेल्या गायींच्या वासरांत तोच आजार दिसला. हवामान वेगळं, चारा वेगळा, गोठ्याची पद्धत वेगळी, फक्त लस तीच. उरलेसुरले संशयही त्यानं मिटले. तिथेही ती मागे घेण्यात आली.

युरोपातली वासरं मात्र लगेच वाचली नाहीत. टोचलेल्या गायी जिवंत होत्या आणि त्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी वर्षानुवर्षं टिकणाऱ्या होत्या. म्हणून पशुपालकांना सांगावं लागलं, की जिला ही लस टोचलेली आहे तिचा चीक पिळून टाकून द्या, तिच्या वासराला लस न टोचलेल्या गायीचा साठवलेला चीक द्या, आणि अनेक गायींचा चीक एकत्र करून पाजू नका. उत्तम, दाट, पिवळाधमक चीक बादलीभर ओतून देणं ही पशुपालकाच्या जिवावर येणारी गोष्ट, आणि तीही जी गाय दिसायला पूर्ण निरोगी आहे तिचा. तरी लोकांनी ते केलं आणि नोंदी वर्षागणिक कमी होत गेल्या.

या प्रकरणाचा दाखला देऊन कोणी लसीकरणावरच बोट ठेवलं, की मी त्याला बीव्हीडीचं काय झालं ते सांगते. आजार पसरवणारी ती आजन्म बाधित वासरं कळपात राहिलीच होती, आणि त्यांना शोधून काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जर्मनीनं १ जानेवारी २०११ पासून वासरांची बीव्हीडी तपासणी सक्तीची केली. त्यासाठीचा बिल्ला असा बनवलेला असतो, की तो कानाला टोचतानाच कानाचा एक इवलासा तुकडा छोट्या कुपीत जाऊन पडतो. कुपी प्रयोगशाळेत जाते. तुकड्यात विषाणू सापडला, तर ते वासरू कळपातून काढलं जातं. नाही सापडला, तर ते आईजवळ राहतं, आणि कानातली जखम हळूहळू भरून येते.